चौदाव्या होलचा आकडा

महाळुंग्याच्या चौकात गणराजचा फ्लेक्स लागला, तो बघायला सगळं घर गेलं, एकटा गणराज सोडून. त्याचे वडील अर्जुनराव टोपी झटकून, इस्त्रीचा सदरा घालून गेले. त्याची बायको वर्षाली दोनदा गेली, एकदा बघायला आणि एकदा फोटो काढायला. फ्लेक्स चांगला दहा फुटी होता. वर पुढाऱ्यांची गोल तोंडं, खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या गावाचे पासपोर्ट फोटो, आणि मधोमध हातात स्टिक घेऊन हसणारा गणराज. 'महाळुंग्याची शान! सलग दुसऱ्या वर्षी प्रोफेशनल गोल्फ टूरवर!' गोल्फ कशाशी खातात हे त्या शुभेच्छुकांतल्या निम्म्यांना माहीत नसेल, पण म्हणून शुभेच्छा द्यायचं कोण थांबतंय?

आणि हा फ्लेक्स लावला कुणी, तर आमिरनं. चाकणला तळेगाव रस्त्यावर ज्याचं गॅरेज आहे तो आमिर. त्याच टूरवर, त्याच वर्षी, एका फटक्यानं ज्याचं नाव यादीबाहेर गेलं तो आमिर. "भावा, तुझा फ्लेक्स मी नाही लावायचा तर कुणी लावायचा?" असं तो फोनवर म्हणाला. गणराज "हो रे" म्हणाला, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. पुढे कितीतरी दिवस तो बाहेर पडायचा तो चौक टाळून, कंपन्यांच्या मागच्या रस्त्यानं, कंटेनरच्या रांगेतून गाडी काढत.

आता तुम्ही म्हणाल, जिंकलेल्या माणसाला चोरासारखं फिरायची काय गरज? सांगतो. पण जरा मागून सांगावं लागेल.

गावचं गायरान गेलं, चहूबाजूंनी कंपन्या उठल्या, आणि मधे जो टेकडीचा माळ उरला त्यावर कुणीतरी गोल्फचा कोर्स काढला. कंपन्यांचे मोठे साहेब, देशी-परदेशी, रविवारी तिथं खेळायला यायचे. त्यांच्या बॅगा उचलायला गावातली पोरं लागली. गणराज आणि आमिर दोघंही सोळा-सतरा वर्षांचे असताना एकाच दिवशी कॅडी म्हणून लागले, एकाच झाडाखाली डबा खाल्ला आणि साहेबांनी टाकून दिलेल्या वाकड्या स्टिकनं एकाच खड्ड्याभोवती खेळायला शिकले.

कॅडीचं काम म्हणजे निम्मं ओझं आणि निम्मं गप्प बसणं. साहेब झुडपात जाऊन तीनदा हाणायचा, घाम पुसत बाहेर येऊन "एक" म्हणायचा, आणि कॅडीनं मान हलवायची. गणराजला ते जमायचं नाही. "सर, तीन झाले," असं तो सरळ सांगायचा. सुरुवातीला शिव्या खाल्ल्या, बक्षिसी बुडाली. पण पुढे असं झालं की साहेबांची आपापसांत जुंपली की तेच म्हणायचे, गणराजला विचारा. त्याच्या मोजणीवर कुणी बोट ठेवायचं नाही. आमिर तर अभिमानानं सांगायचा, "आमचा गणराज म्हणजे तराजू आहे, राव."

तिशी ओलांडता ओलांडता दोघं प्रोफेशनल झाले. मोठ्या, टीव्हीवरच्या टूरचं नाव काढू नका. ही आपली पश्चिम भागातली छोटी टूर, हिवाळ्यात सुरू होऊन मार्चअखेर संपणारी, सात स्पर्धांची. सातही झाल्या की गुणांची यादी लागते. पहिले तीस पुढच्या वर्षी टूरवर, बाकीच्यांनी पुन्हा फॉर्म भरायचा, पुन्हा निवडचाचणी द्यायची. दोघांनीही घरी शब्द दिला होता. गणराजनं कायम होत आलेली कंपनीची नोकरी सोडली होती, ती वर्षालीला सांगूनच. "यंदा तिसात नाही आलो तर गप लाइनवर उभा राहीन, कंत्राटी म्हणून का होईना." आमिरनं आपल्या आईला, फरीदाचाचीला, असंच काहीतरी कबूल केलं होतं. वडील गेल्यापासून गॅरेज त्याच्याच खांद्यावर होतं आणि टूरच्या दिवसांत त्याला कुलूप लागायचं.

तो हंगाम दोघांनी आमिरच्या जुन्या ओम्नीत काढला. नाशिक, कोल्हापूर, इंदूर, अहमदाबाद, कुठंही असो, गाडी आमिर चालवणार आणि रस्त्यात बंद पडली की तोच खाली झोपून दुरुस्त करणार. फरीदाचाची दोघांचे डबे द्यायची. गुरुवारी गणराजचा उपास, म्हणून त्या दिवशी वेगळ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी असायची, वर चिठ्ठी चिकटवलेली, की आमिरनं हात लावायचा नाही. बाकीचे खेळाडू हॉटेलात उतरायचे. हे दोघं एखाद्या लॉजच्या एका खोलीत. बॅग उचलायला कॅडीसुद्धा ठेवायचे नाहीत. ज्यांनी दहा वर्षं दुसऱ्याची बॅग उचलली त्यांना स्वतःची जड कशी होईल?

नाशिकला एक गोष्ट घडली, ती ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवशी गणराज एकटाच बॉलपाशी उभा होता. स्टिक टेकवली आणि बॉल अर्ध्या बोटाएवढा सरकला. कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं हात वर केला, पंचाला बोलावलं आणि स्वतःवर एक फटका लावून घेतला. त्या एका फटक्यानं तो कटमध्ये गेला. म्हणजे दोन दिवसांनी मागच्या निम्म्या लोकांना घरी पाठवतात, त्यांत त्याचा नंबर लागला. आमिरनं ही गोष्ट पुढे प्रत्येक गावात, प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितली. स्वतः जिंकला असता तरी एवढा फुशारला नसता.

असं करत करत मार्च आला, आणि शेवटची स्पर्धा नेमकी घरच्याच टेकडीवर. यादीत तिसावी जागा एक आणि तिच्या दारात हे दोघं. आमिरचे गुण गणराजपेक्षा किंचित जास्त. म्हणजे स्पर्धेत दोघांची बरोबरी झाली तर आमिर आत आणि गणराज बाहेर. गणराजला आत जायचं तर आमिरपेक्षा निदान एक फटका कमी हवा. दोन दिवस झाले, दोघं अगदी बरोबरीत. आणि तिसऱ्या, शेवटच्या दिवशी जोडी लागली ती या दोघांचीच.

गोल्फमधली एक रीत इथं सांगायला हवी. स्वतःचं कार्ड स्वतः लिहायचं नसतं. जोडीदारानं तुमचे फटके लिहायचे, तुम्ही जोडीदाराचे. खेळ संपला की तंबूत बसून कार्डं अदलाबदल करायची, आपलं कार्ड आपण बघायचं, दोघांनी सही करायची आणि द्यायचं. एकदा दिलं की त्यावरचा आकडा तो आकडा. खऱ्यापेक्षा कमी लिहिला असेल तर स्पर्धेतून बाद. जास्त लिहिला असेल तर तो जास्तीचा तुमच्या माथी. मग कुणी देव खाली उतरला तरी बदलत नाही.

या दोघांची त्यात आणखी एक घरगुती रीत. होल संपून पुढच्याकडे चालताना प्रत्येकानं आपला आकडा मोठ्यानं सांगायचा. "चार." "चार." झालं, लिहून टाकायचं. आणि शेवटच्या दिवशी मधे बेरीज करायची नाही. बेरीज केली की हात थरथरतो, असं आमिरचं म्हणणं.

चौदावा होल चारचा, म्हणजे चार फटक्यांत बॉल आत गेला पाहिजे असा. आमिरचा पहिलाच फटका वाकडा गेला आणि बॉल घाणेरीच्या झुडपात शिरला. गणराज बघायला गेला. आमिर वाकून आत शिरला, एकदा नुसती स्टिक हलवून अंदाज घेतला, फांद्या खसखसल्या. मग त्यानं बॉल बाहेर काढला. दोन. तिसरा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पण झेंड्यापासून लांब. आणि तो लांबचा त्यानं एका ढकलीत आत घातला. चार. गणराजचा बॉल दोनच फटक्यांत ग्रीनवर आला होता, अगदी हातातोंडाशी. त्याला तिथून तीन लागले. पाच! तो असा तणतणत निघाला की विचारू नका. आमिर मागून येत होता, पण त्या दिवशी त्यानं आपला आकडा सांगितला नाही. मित्राचं असं झालेलं, आणि आपण वर "चार" म्हणून ओरडायचं, हे त्याला बरं वाटलं नाही. पुढच्या होलवर गणराजनं खिशातून कार्ड काढलं, डोक्यात स्वतःचाच पाच घुमत होता, आणि आमिरच्या आणि स्वतःच्या आठवणीसाठी ठेवलेल्या, अशा दोन्ही रकान्यांत पाच लिहिला.

इथपर्यंत चूकच होती. माणसाची चूक होते.

एकच्या सुमाराला अठरावा होल संपला. दोघांनी टोप्या काढून मिठी मारली आणि तंबूत येऊन बसले. समोर टूरचा एक वयस्कर अधिकारी, चष्मा नाकावर. गणराजनं आमिरच्या कार्डाची बेरीज केली. त्र्याहत्तर. स्वतःची मनातल्या मनात केली. बाहत्तर. पुन्हा केली. बाहत्तर! त्याच्या छातीत असं काही उसळलं की त्याला वर्षाली दिसली, अर्जुनराव दिसले, कंपनीचं गेट दिसलं आणि त्या गेटातून आता आत जायचं नाही हेही दिसलं. आलो आत! तिसावा!

मग सवयीनं त्यानं एकेक होल डोळ्यांसमोर आणला. हे तो नेहमी करायचा, कॅडी असल्यापासून. पहिला, दुसरा, तिसरा. बाराव्याला पाणी, तेराव्याला वाळू. चौदावा. झुडूप, बाहेर, ग्रीन, आत. त्याचं बोट तिथं थांबलं. कागदावर पाच होता.

अरे माणसा, मग तोंड उघड की! "थांब, माझ्याकडून चुकलंय," एवढंच म्हणायचं होतं. पेन हातात होतं, खोडायला दोन सेकंद पुरले असते. त्याच्या जिभेवर शब्द आलेही होते. पण त्याच वेळी मनात दुसरंच कुणीतरी बोलायला लागलं. नाशिकला सोडलास की एक फटका, कुणी मागितला नसताना. तो आज परत येतोय असं समज. आमिरला गॅरेज आहे, तुला काय आहे? आणि वाचेल ना तो स्वतः, त्याचं कार्ड आहे, वाचून सांगेल. मन असल्या वेळी वकिलापेक्षा पुढे पळतं.

"दे इकडं," म्हणत आमिरनं कार्ड ओढून घेतलं.

"नीट बघून घ्या हं," अधिकारी म्हणाला. "सही झाली की बदल नाही."

आमिर कार्डावरून बोट फिरवत गेला. एका ठिकाणी बोट अडलं. त्यानं मान वर करून गणराजकडे पाहिलं. गणराज पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. लावलेलं झाकण काढून पुन्हा लावत होता. मग पेन कागदावर चालल्याचा आवाज आला.

पाऊण तासानं यादी लागली. आमिर गर्दीतून धावत आला, गणराजला उचलून गरागरा फिरवला आणि ओरडला, "तिसावा, भावा! आत आहेस तू!" त्याचे डोळे ओले होते. गणराजला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

संध्याकाळी सांगू, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी गावात हलग्या वाजल्या. उद्या सांगू म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी फ्लेक्स. मग ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला. सरपंच बोलले, मग अर्जुनरावांना माइक दिला. म्हातारा आयुष्यात माइकसमोर उभा राहिला नव्हता. "माज्या पोरानं कुनाचं काय लुबाडलं न्हाई," ते म्हणाले, "जे हाय ते सोताच्या हातानं कमावलंय." टाळ्या पडल्या. गणराज शालीत घामानं निथळत बसून राहिला. एवढ्या टाळ्यांत उठून "नाही आबा, लुबाडलंय" म्हणायची छाती कुणाची होणार? निदान त्याची झाली नाही.

आणि त्याला रात्रंदिवस खात होता तो एकच प्रश्न. आमिरनं पाहिलं होतं की नव्हतं? नसेल पाहिलं, तर विश्वासानं डोळे झाकून सही करणाऱ्याचा आपण गळा कापला. पाहिलं असेल, तर त्याला सगळं कळलंय आणि तो दोस्तीखातर गिळून बसलाय. दोन्हीकडून तोंड काळंच. आमिर फोनवर पूर्वीसारखाच हसायचा, पण कोर्सवर यायचा थांबला होता. बोलावलं तर म्हणायचा, काम फार आहे, राव. गणराज त्या हसण्यातही काहीतरी शोधत बसायचा.

घरात तर त्याचं चिडणं वाढलं. वर्षाली एकदा म्हणाली, "अहो, जिंकलेल्या माणसाचं तोंड असं असतं का?" तर हा तिच्यावरच खेकसला. खेळही गेला. सरावाला उभा राहिला की हात जड व्हायचे, आणि कुणी नवं पोरगं "दादा, माझे किती झाले, मोजलेत का?" म्हणालं की हा काढता पाय घ्यायचा. मोजणी विचारू नका, म्हणायचा, मला काय विचारता.

असे चार-साडेचार महिने गेले. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी वर्षाली चाकणच्या बाजारातून आली ती पिशवी ठेवायच्या आतच बोलायला लागली. "आमिरभाऊंची बायको भेटली होती, सादिका. निवडचाचणीचा फॉर्म भरलाच नाही म्हणे त्यांनी. आज शेवटचा दिवस. आणि स्टिकचा सेट पण विकायला काढलाय. काय झालंय विचारलं तर ती नुसती रडायला लागली. तुम्ही मित्र ना त्यांचे? तुम्हाला काहीच कसं ठाऊक नाही?"

गणराजनं ताटावरून उठून हात धुतला आणि गाडीला किक मारली. आजही नाही बोललो तर मग मेल्यावरच बोलायचं, एवढं त्याला कळलं होतं. चौकातून गेला, या वेळी चौक टाळला नाही.

गॅरेजात आमिर एका टेम्पोखाली झोपला होता. गणराजचे बूट ओळखून तो सरकत बाहेर आला, हात चिंधीनं पुसले. "ये, ये. चहा सांगू?"

"फॉर्म का भरला नाहीस?"

"जाऊ दे ना ते."

"आमिर, का भरला नाहीस?"

आमिर टेम्पोच्या पायरीवर बसला. "तुला सांगायला पाहिजेच, कधीतरी," तो म्हणाला. "तुलाच सांगायला पाहिजे. फक्त माझं तोंड होत नव्हतं, भावा. म्हणून तुझ्यासमोर येत नव्हतो."

"तुझं तोंड?" गणराजला काही कळेना.

"चौदावा होल. तू पाच लिहिला होतास. बघितला मी तंबूत. माझ्या डोक्यात चार." आमिर खाली बघत बोलत होता. "आधी वाटलं, तुझी चूक असेल. पण तू? आयुष्यात तुझी मोजणी कधी चुकली नाही. तुझ्याकडं बघितलं, तर तू मान खाली घालून बसलेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झुडपात मी अंदाज घेताना स्टिक हलवली होती बघ. ती बॉलला लागली असणार. बॉल हलला असणार. मला दिसला नाही, तू समोर होतास, तुला दिसला. म्हणजे तो फटकाच धरायचा. आणि तू त्या अधिकाऱ्यासमोर माझी अब्रू काढली नाहीस. गपचूप पाच लिहिलास, आणि माझ्याकडं बघायची तुलाच लाज वाटत होती."

गणराज मधे बोलायला गेला, पण आमिर थांबला नाही.

"नाशिकला तू काय केलंस, मी जगाला सांगत फिरलो," आमिर म्हणाला. "आणि माझी वेळ आली तेव्हा मी चार धरून बसलो. कसं मन असतं बघ माणसाचं. तू नसतास तर चारवर सही केली असती, यादीत आलो असतो, हरामाचा. अम्मीला सांगितलं मी, बॉल हलला आणि कार्डावर पाच लागला, एवढंच. दोन दिवस जेवली नाही ती. म्हणाली, तुझ्या अब्बूंनी गिऱ्हाइकाच्या गाडीतला जुना बोल्टसुद्धा कधी ठेवून घेतला नाही. अशा माणसानं खेळूच नये, गणराज. तू मला वाचवलंस, त्याचे उपकार आहेत. फ्लेक्स लावला तो काय उगीच नाही."

चार महिने गणराजनं नाना तऱ्हेच्या शिव्या मनात ऐकल्या होत्या. आमिर अंगावर येईल, थोबाडीत देईल, थुंकेल. उपकार हा शब्द त्यानं धरला नव्हता. सादिकाचं रडणं, चाचीचा दोन दिवसांचा उपास, हे पंधरा-वीस आठवडे आपल्याच मित्रानं स्वतःला चोर म्हणत काढलेले, आणि आपण इकडे शालीत बसलेलो.

"चार होता," तो म्हणाला.

"काय?"

"चारच होता, आमिर. बॉल हलला नव्हता. मी समोरच होतो, मला स्वच्छ दिसत होता. नुसत्या फांद्या हलल्या. पाच माझा होता. तीन ढकली झाल्या ना माझ्या, डोकं फिरलेलं. माझा पाच तुझ्या रकान्यात लिहिला गेला."

आमिरच्या चेहऱ्यावर हळूहळू समजूत यायला लागली आणि तिच्याबरोबर, काय म्हणावं या माणसाला, मायासुद्धा आली. "अरे," तो म्हणाला, "मग नंतर कळलं असेल तुला. घरी गेल्यावर. म्हणून असा वाळलायस होय? वेड्या, चूक कुणाची होत नाही?"

बघा, दार त्यानंच उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. आणि खरं सांगायचं तर गणराजची मान हलायलाही लागली होती, अर्धी खाली गेली होती. पण समोर आमिरचं ते तोंड होतं, क्षमा करून मोकळं झालेलं, आणि ते त्याला बघवेना.

"घरी गेल्यावर नाही," तो म्हणाला. "तंबूतच कळलं. तू सही करायच्या आधी. पेन माझ्याच हातात होतं. मला तिसावा यायचं होतं म्हणून गप्प बसलो."

रस्त्यावरून दोन ट्रेलर गेले. गॅरेजचा पत्रा थरथरला आणि शांत झाला. आमिर उभा राहिला. त्यानं हात उचलला तेव्हा गणराजनं डोळे मिटून घेतले. मार, मार एकदाचा. पण आमिरनं त्या हातानं स्वतःचं कपाळ चोळलं, काळं केलं आणि गॅरेजमागच्या राहत्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"अम्मी! अम्मी, चार होता! चारच होता माझा!"

आवाज फाटला त्याचा. पुन्हा म्हणाला, "मी बरोबर मोजलं होतं, अम्मी."

फरीदाचाची पदराला हात पुसत बाहेर आल्या, एका हातात पाण्याचा ग्लास. गणराजचा आवाज ऐकून त्यांनी आधीच भरून घेतला असणार. "काय म्हणतोस?"

"बॉल हलला नव्हता. गणराज सांगतोय. त्यानं बघितलंय."

त्यांनी लेकाचं काळं झालेलं तोंड एका हातानं कुरवाळलं. "या अल्लाह," म्हणाल्या, "माझं लेकरू चोर नव्हतं." मग रडत-हसत गणराजकडे वळल्या. "तू सांगायला आलास, बेटा? एवढ्या भर दुपारचा? तुझं भलं होवो. जेवून जायचं आज, ऐकणार नाही मी." आणि एकदम थांबल्या. कपाळाला आठी पडली. "पण मग तो पाच लिहिला कुणा मेल्यानं?"

गणराजनं आमिरकडे पाहिलं. आमिर टेम्पोच्या चाकाकडे बघत होता. तो बोलणार नव्हता, आणि त्यानं का बोलावं?

"मी लिहिला, चाची," गणराज म्हणाला. "चुकून लिहिला. मग कळल्यावर मुद्दाम ठेवला."

चाचींनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. चेहऱ्यावरचं हसू कुठं ठेवावं ते त्यांना समजत नव्हतं. हातातला ग्लास पुढे केलेला तसाच होता.

"पाणी पी," त्या म्हणाल्या. "आणि जा."